येतली, सिस्टर

प्रिय सिस्टर बेनिता,

परवा शिरोड्याहून परत आले आणि आज शाळेचा इतिहास बाजूला सारून तुम्हाला पत्र लिहायला घेतलं. आता पत्र कुठे पाठवायचं, हा प्रश्न आहेच. पण तुम्ही जिवंत असताना पत्ता पाठ होता, तेव्हा तरी मी कुठे लिहिलं?

शाळेची स्मरणिका निघते आहे. नव्या मुख्याध्यापिका सिस्टर लिनेट मला म्हणाल्या, "तू इतिहासाची पदवीधर, शाळेचीच मुलगी. दहा पानं तू लिही." गेले पंधरा दिवस मी ऑफिसमागच्या खोलीत बसून जुनी हजेरीपुस्तकं चाळते आहे. स्थापना, इमारत, निकाल, सगळं लिहून होतं आणि पुन्हा खोडते. त्यात तुम्ही सापडत नाही. आणि तुमच्यापाशी एक कबुली दिल्याशिवाय मला त्यातली एक ओळही खरेपणाने लिहिता येत नाही.

तुम्ही गेल्याचं मला माजी विद्यार्थिनींच्या ग्रुपवर कळलं. हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती. मीही एक जोडलं आणि फोन उलटा ठेवला. सिस्टर, तुमच्यासाठी एवढंच?

सुरुवात तुमच्या हजेरीपासून करू? आठवी ते दहावी तुम्ही आमच्या वर्गशिक्षिका. पहिल्या तासाला प्रार्थना संपली की तुम्ही चष्मा पुसायचात आणि नावं घ्यायला लागायचात. शाळा सोडून घरी बसलेल्या मुलीचंही नाव रोज घ्यायचात. मग तिच्या शेजारणीने उभं राहून सांगायचं, "येतली, सिस्टर." येईल ती. आणि एकदा 'येतली' म्हटलं की ते निभवायचं. शनिवारी अर्धी शाळा सुटली की वह्या घेऊन त्या मुलीच्या घरी जायचं, आठवड्याचा अभ्यास तिला सांगायचा. हजेरीपुस्तकात आम्हा सगळ्यांच्या चौकटीत हजर किंवा गैरहजर पडायचं. जी यायची आहे तिची चौकट तुम्ही रिकामी ठेवायचात.

तपासणीचे साहेब आले होते ते आठवतं? "मॅडम, ह्या चौकटी रिकाम्या का?"

"त्या येणार आहेत."

"मग तोपर्यंत गैरहजर लिहा."

"गैरहजर लिहिलं की आम्ही विसरतो, साहेब," तुम्ही म्हणालात.

साहेबांनी माझ्या बाकावरच्या फिलूला उभं केलं. त्या दिवशी 'येतली' तिनेच म्हटलं होतं. "कधी येणार तुझी मैत्रीण?" फिलू जराही बिचकली नाही. "रापणीक बांगडो लागलो हा, साहेब. तिच्या घरची सगळी जाळा ओढूक गेलीत. बांगडो सोपलो काय येतली. तुमका होये काय? ताजे आसत!" सगळा वर्ग हसला. साहेबही हसले आणि सही करून गेले. तुम्ही मात्र हसू दाबायला खडू शोधत बसलात.

ही पद्धत तुम्ही सुरू केली असं मला इतकी वर्षं वाटत होतं. मागच्या आठवड्यात सुलभाकाकींना भेटले. पहिल्या तुकडीतल्या त्या एकट्याच आता गावात आहेत. त्यांनी सांगितलं, तीन सिस्टर आल्या तेव्हा शाळा एका घराच्या पडवीत भरायची. गावात लोक म्हणायचे, पोरींना बाटवतील. कुणी उघड म्हणायचं, कुणी नुसतंच मुलीला पाठवायचं नाही. त्या वर्षी चतुर्थीला तिघी सिस्टर घरोघर गणपती बघायला गेल्या, पानात वाढलेल्या करंज्या खाल्ल्या आणि नाताळात स्वतःच्या हातच्या करंज्या घेऊन त्याच घरी परत गेल्या. "तुमच्यापेक्षा आमच्यात नारळ कमी पडलो," असं त्यातली एक सिस्टर मोडक्या मालवणीत म्हणाली म्हणे. "मगे माज्या आवशीन माका धाडल्यान," सुलभाकाकी म्हणाल्या. "ज्येका करंजी कळता, तेका चेडू संभाळूक कळतला!"

आणि हजेरीचं काय? पहिल्या मदर नावं घ्यायच्या, निम्म्या मुली नसायच्या. उरलेल्या सवयीने सांगून मोकळ्या व्हायच्या, "येतली, मदर." एक दिवस मदरनी पुस्तक मिटलं. "तू सांगितलंस ना येतली म्हणून? मग जा, घेऊन ये." आणि त्या मुलीला खरोखर पाठवलं! ती मुलगी म्हणजे सुलभाकाकीच. तेव्हापासून हे चालत आलं. आमच्या शाळेचा इतिहास मला विचाराल तर तो हाच. इमारतीची कौलं बदलली, पडवीची शाळा दुमजली झाली, पण एकीने दुसरीला आणायला जाणं मात्र बदललं नाही.

मलाही असंच आणलं होतं. तुम्ही ते विसरला नसणार.

आठवीत असताना आई जेटीवर घसरली आणि तिचा हात मोडला. बाबा बोटीवर. मग मासळीच्या लिलावाला कोण जाणार, बाजारात पाटीपाशी कोण बसणार? मी. आधी म्हटलं आठवडाभर. आठवड्याचा महिना झाला. हात बरा होत आला तरी कुणी शाळेचं नाव काढेना, मीही काढेना. बाजारात मला सगळे ओळखायला लागले होते. 'चेडू हुशार आसा, तोंडान चालू आसा,' असं कौतुक होत होतं. तेरा वर्षांच्या मुलीला ते पुरतं, सिस्टर. मला तर ते आवडायलाही लागलं होतं.

आणि दर शनिवारी फिलू यायची. फिलोमिना, माझ्या बाकावरची, खिडकीकडची. होडीने खाडी ओलांडून, डोक्यावर टॉवेल घेऊन, वह्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून.

"इली बघ तुजी मास्तरीण," आई टोमणा मारायची. "ह्या चेडवाक दुसरो उद्योग नाय काय?"

"नाय, मावशे," फिलू म्हणायची आणि माशांच्या पाटीशेजारी फतकल मारायची.

एका शनिवारी आईने तिला विचारलं, "अजून हिचा नाव काढूक नाय शाळेतसून?"

"नाय. रोज घेतत."

"रोज?"

"रोज, मावशे. सिस्टर नाव घेता, आणि मी सांगतंय, येतली."

आई पाटीतली मासळी झाकायला लागली. सोमवारी सकाळी मी पाटी उचलायला गेले तर तिने माझ्या हातातून काढून घेतली. "जा तू शाळेत. रोज कोण हाक मारता आणि आपण ओ पण देव नये, ह्या काय बरा दिसता? माका लाज वाटता."

शिक्षणाचं महत्त्व सांगून माझी आई पटली नसती, सिस्टर. पण हाकेला ओ न देणं तिला सहन झालं नाही. तुम्हाला हे ठाऊक होतं का? मला वाटतं, होतं.

त्या दिवशी माझं नाव आलं. मी म्हणाले, "हजर." तुम्ही मान वर केली नाहीत. फक्त पुढचं नाव घ्यायला नेहमीपेक्षा थोडा वेळ लागला.

मी एकदा तुम्हाला धीटपणे विचारलं होतं, "सिस्टर, तुम्ही स्वतः का नाही येत कुणाच्या घरी?" तुम्ही म्हणालात, "मी गेले तर मुलगी माझ्यासाठी येईल. माझी उद्या बदली होईल गो! मैत्रिणीसाठी आली तर टिकेल." तेव्हा मला वाटलं, किती शहाण्या आहेत आमच्या सिस्टर.

आता ती गोष्ट सांगते, जी मी तुम्हाला कधी सांगितली नाही.

दहावीच्या सुरुवातीलाच फिलू यायची थांबली. तिची आई कामाला मस्कतला गेली, आजीला अर्धांग झालं आणि घरी दुसरं कुणी नव्हतं. आता उभं राहायची पाळी माझी. "येतली, सिस्टर." पहिले तीन शनिवार मी गेले. चौथ्या शनिवारी भूमितीची वही उघडली. तिला समजेना. मी पुन्हा सांगितलं. आतून आजी हाक मारत होती, फिलू उठून जात होती, परत येत होती आणि तिथूनच पुन्हा सुरू करत होती. मला चाचणीचं टेन्शन होतं. मी वही मिटली आणि म्हणाले, "तुका आता नाय समजाचा, फिलू. खूप मागे रवलंस."

जिने माशांच्या वासात बसून मला आठवीचं बीजगणित शिकवलं, तिला मी हे म्हणाले!

ती रागावली नाही. "बरा," म्हणाली. "तू जा. होडी चुकतली."

त्यानंतर मी गेले नाही. पण रोज सकाळी उभी मात्र राहिले. "येतली, सिस्टर." आवाज एकदाही कापला नाही माझा.

मग परीक्षेचे फॉर्म आले. तुम्ही फिलूचा कागद माझ्या हातात दिलात. "शनिवारी जातेस ना? तिची सही आण. मंगळवारी पाठवायचे आहेत." त्या शनिवारी मी विज्ञानाची प्रयोगवही पुरी केली. सोमवारी कोरा कागद तुमच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "ती नको म्हणाली, सिस्टर."

तुम्ही कागद हातात घेतलात. त्याच्याकडे पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत. "बरं," म्हणालात. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिचं नाव घेतलंत. आणि मी पुन्हा उभी राहिले.

दहावीला मला चांगले गुण मिळाले. मग बारावी, मग बी.ए. आमच्या घरातली पहिली पदवी. आईने प्रमाणपत्र हातात घेण्याआधी तीनदा हात धुतले, तरी वास राहील म्हणून पदराने धरलं. "सिस्टरीक दाखवन ये," म्हणाली. तुमची तोवर गोव्याला, म्हाताऱ्या सिस्टरांच्या मठात रवानगी झाली होती. मी निघालेही होते. बांद्यापर्यंत आले, गोव्याची गाडी समोर लागली, लोक चढले. मी चढले नाही. तुम्ही पहिला प्रश्न काय विचाराल ते मला माहीत होतं. 'फिलोमिना कशी आहे?' मी परतीची एसटी पकडली आणि घरी सांगितलं, सिस्टरना बरं नव्हतं, भेट झाली नाही. एक खोटं झाकायला दुसरं!

पंधरा दिवसांपूर्वी आमच्या दहावीचं हजेरीपुस्तक हाताला लागलं. फिलूच्या नावापुढे वर्षभराच्या चौकटी रिकाम्या. परीक्षेचे फॉर्म गेल्यानंतरच्याही. शाळेच्या शेवटच्या दिवसाचीसुद्धा. तिला बसता येणार नाही हे नक्की झाल्यावरही तुम्ही तिची वाट पाहत होतात? ते पुस्तक मांडीवर घेऊन मी किती वेळ बसले कुणास ठाऊक. शिपाईमावशी खोली बंद करायला आल्या तेव्हा उठले.

परवा शनिवार होता. मी शिरोड्याला गेले. फिलू तिथे तिच्या मावशीच्या घरी असते. मावशीने पर्यटकांसाठी दोन खोल्या काढल्या आहेत आणि स्वयंपाकघर फिलू बघते. आजी चार वर्षांपूर्वी गेली. मी मागच्या दाराने गेले. ती विळीवर बसून सुरमई कापत होती. मान वर केली आणि म्हणाली,

"आठ वर्सां? इतकी होडी चुकली गो तुजी?"

मी तिथेच उंबऱ्यावर बसले आणि सगळं सांगून टाकलं. फॉर्म, प्रयोगवही, 'ती नको म्हणाली', सगळं. ती ऐकत होती, कापत होती. माझं बोलून झालं तेव्हा म्हणाली, "माका ठावक आसा."

"कसा?"

"सिस्टर इलेली."

सिस्टर, तुम्ही गेला होतात! ज्या सोमवारी मी कोरा कागद तुमच्या टेबलावर ठेवला, त्याच दिवशी, शाळा सुटल्यावर, तोच कागद घेऊन. कुणाच्या घरी न जाण्याचा तुमचा नियम मोडून होडीत बसलात. पांढरा झगा गुडघ्यापर्यंत भिजला होता, फिलू सांगत होती.

"मग? तुया सही केलंस नाय?"

"नाय. मी म्हटलंय, सिस्टर, माका आता नाय समजाचा."

माझं वाक्य, सिस्टर. जसंच्या तसं. मी नुसता कागद न्यायचा चुकवला नव्हता, तर कागद पोचायच्या आधीच तिचा नकार तिच्या तोंडात ठेवून आले होते.

"सिस्टर काय बोलली?"

"खूप समजावल्यान. मगे म्हणाली, बरा, पण नाव मी काढूचंय नाय." फिलूने विळी आडवी केली, हात धुतले. "जाताना मी इचारलंय, प्रणाली कित्याक येणा नाय? ती माज्यार रागावली काय?" फिलूला ते सांगताना हसू येत होतं आणि डोळेही भरले होते. "तर म्हणाली, 'येतली.'"

म्हणजे तुम्हाला त्या सोमवारपासून ठाऊक होतं. रोज सकाळी तुम्ही फिलूचं नाव घ्यायचात, मी उभी राहून खोटं बोलायचे आणि तुम्ही मला बोलू द्यायचात. तुम्ही मला एकदा तरी रागे भरायला हवं होतंत! वर्गाबाहेर उभं करायला हवं होतंत. एक थप्पड चालली असती. तुमच्या गप्प राहण्याने मला आठ वर्षं पळायला जागा दिली, असं परवा शिरोड्याहून येताना गाडीत मनात आलं आणि मला तुमचा खूप राग आला. मग कळलं, त्या वर्षभराच्या चौकटी नुसत्या फिलूसाठी रिकाम्या नव्हत्या.

मी फिलूला म्हटलं, आता बस परीक्षेला. बाहेरून बसता येतं, सतरा नंबरचा फॉर्म भरून. मी शिकवते.

"माका आता नाय समजाचा," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी खाली बघितलं. मग तिनेच शांतपणे विचारलं, "समरूप त्रिकोणाकडे रवलेलंव ना आपण?"

आठ वर्षं ती ती जागा धरून बसली होती, सिस्टर!

"बसतंय म्हणान सांगणंय नाय हां," ती मला दारापर्यंत सोडायला आली तेव्हा म्हणाली. "पण शनिवारी ये. दुपारी. पाव्हणे जेवले काय माका वेळ असता."

आज सकाळी शाळेत जाऊन तिचा दाखला मागितला. गंमत बघा, परीक्षेला बसायचं तर तिने आधी शाळा सोडल्याचा कागद लागतो! लिपिक सावंतकाका चष्मा कपाळावर चढवून पुस्तकात शोधत होते. "हिने शाळा सोडली कधी? कायच लिहिलेला नाय."

"सिस्टर बेनितांनी लिहिलं नाही," मी म्हटलं.

"ह्येका काय अर्थ? मी आता काय लिहू?" ते कुरकुरले. मग तुमचं अक्षर पाहून त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "बरी होती हां बाय," म्हणाले आणि पेन उघडलं.

स्मरणिकेची समिती म्हणते, डॉक्टर झालेल्या, अधिकारी झालेल्या मुलींची यादी द्या. देईन की. त्यांचा मलाही अभिमान आहे. पण पहिली दोन पानं हजेरीची असतील. सुलभाकाकी, मदरनी मिटलेलं पुस्तक, साहेबांना बांगडे विचारणारी फिलू. आणि मीही असेन त्यात, दोन्ही वेळची. जिला आणलं ती आणि जी आणायला गेली नाही ती. सिस्टर लिनेटना कालच फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "आता हजेरी मोबाईलवर असते. रिकामं सोडलं तर पुढे जात नाही." आणि पुढे म्हणाल्या, "पण नावं मी तोंडाने घेऊ शकते."

मी तुमची खूप ऋणी आहे, सिस्टर. माझ्या आईची लाज जागी केलीत म्हणून, मला बाजारातून बाकावर आणलंत म्हणून. आणि मी त्या बाकावर बसून खोटं बोलले तरी माझ्या नावापुढे गैरहजर लिहिलं नाहीत म्हणून तर सगळ्यात जास्त.

एक वचन देते. 'येतली' आता मी दुसरीबद्दल म्हणणार नाही, स्वतः जाणार. येत्या शनिवारी आणि त्यानंतरच्या प्रत्येक शनिवारी, फिलू परीक्षेच्या खोलीत शिरेपर्यंत. तिला एकदा समजलं नाही तर दहादा सांगेन. स्मरणिकेत आमच्या तुकडीच्या उत्तीर्ण मुलींची यादी आहे, त्यात मी एक ओळ कोरी ठेवते आहे. छापखानावाला विचारेल, इथे काय राहिलं? त्याला काय सांगायचं ते मला माहीत आहे.

तुमच्यापर्यंत यायला मला उशीर झाला. पण माझं नाव घेतलंत ना?

इलंय, सिस्टर.

तुमची,
प्रणाली
(तिसरा बाक, फिलूच्या शेजारची)